ठमीची नजर जिथं गेली

“ठमे, मी काय केलं ते नको सांगू, तुजी नजर कुठं गेली तेवरं सांग,” काळूराम एकदा बायकोला म्हणाला. त्यानंतर नऊ वर्षं तो हेच म्हणत राहिला.

उरणच्या खाडीकाठच्या एका मिठागरात ती दोघं राबत. मीठ त्यांचं नव्हतं. बांध, वाफे, भरतीचं पाणी आत घेणारी लाकडी उघाडी, सगळं मालकाचं. मूलबाळ नव्हतं. बांधावर झापांची एक खोपी होती, तीही मालकाच्या बांधावर. काळूराम लक्षात राहावा असा माणूस नव्हता. तरी त्या पट्ट्यात सगळे त्याला ‘जादूगार’ म्हणत, आणि म्हणताना हसत, कारण त्याची जादू कुणी पाहिलेली नव्हती. आयुष्यात त्यानं खेळ केला तो एकच, आणि तोही अर्धा. बाकी सगळी तयारी.

सुरुवात सन एकोणीसशे चोवीसच्या उन्हाळ्यात झाली. मिठाच्या मचव्याबरोबर तो मुंबईच्या बंदराला गेला होता. माल उतरवून झाला, पण परतायला वारा नव्हता. एक संध्याकाळ रिकामी मिळाली, म्हणून मचव्यावरची माणसं बंदराजवळच्या एका तंबूत जाऊन बसली. तंबूत कुणी परप्रांतीय जादूगार खेळ करत होता. तो अखंड बोलत होता. त्याची भाषा काळूरामला कळत नव्हती. लोक हसत, माना वळवत, तोंडं उघडी टाकून वर बघत. काळूराम हसला नाही आणि त्यानं मानही वळवली नाही. दिवसभर पोती वाहून तो थकलेला होता. तो त्या माणसाच्या उजव्या हाताकडे नुसता बघत राहिला. आणि त्या हातानं रुपया बाहीत सोडलेला त्याला स्वच्छ दिसला. आजूबाजूला टाळ्या पडत होत्या. इतक्या माणसांत एकट्याला दिसलं, आणि ते हुशारीनं नव्हे, शब्द कळले नाहीत म्हणून.

परतीच्या वाटेवर तो मचव्याच्या तांडेलाला म्हणाला, “तो हातानं काय करीत न्हाय. सगलं तोंडानं करतं.”

“तोंडानं तर माजी बायको पन करते,” तांडेल म्हणाला. “तिला तंबू घालून देऊ?”

सगळे हसले. काळूराम पाण्याकडे बघत होता.

मिठाच्या हंगामात काम पहाटे सुरू होई. ऊन डोक्यावर आलं की मीठ ओढायचं थांबवत. भाकर आणि सुकट खाऊन झाली की काळूराम हात धुई, बोटांना खोबरेल चोळी आणि खोपीच्या दारात उभा राही. समोर ठमाबाई बसे. त्याच्याकडे तीन गोष्टी होत्या: एक ढब्बू पैसा, हातभर दोरी आणि एक रुमाल. मिठाच्या पाण्यानं त्याच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. दोरीचा धागा चिरेत अडके आणि रक्त येई. पण पैसा मात्र त्या खरबरीत कातडीला घट्ट धरून राही. बोटांच्या मागच्या बाजूला तो पैसा दडवी आणि रिकामा पंजा दाखवी. हे त्याला वर्षभरात जमलं. हातांचं काम तेवढंच होतं. उरलेली आठ वर्षं शब्दांची.

तो लहानपणी दोन इयत्ता शिकला होता. मालकाच्या कारकुनानं टाकलेली एक अर्धी वही त्यानं मागून आणली. पहिल्या पानावर त्यानं लिहिलं: ‘सभ्य स्त्रीपुरुषहो, आता आपण सावधचित्त होऊन अवलोकन करावे.’ उभा राहून त्यानं ते ठमाबाईला म्हणून दाखवलं.

“कोनाला बोलताव?” तिनं मागं वळून पाहिलं. “मामलेदार आयलाय काय?”

त्यानं ते पान खोडलं. मग खेळ करून दाखवला आणि तो प्रश्न विचारला. तिची नजर कुठं गेली?

ठमाबाईनं विचार केला. तिची नजर तीक्ष्ण होती. चालत्या मचव्याच्या शिडावरचं ठिगळ ती बांधावरून ओळखी. “डाव्या हातावर असाया पायजे व्हती,” ती म्हणाली, “पन गेली उजव्या कोपरावर. तुमचं कोपर हललं.”

काळूरामनं चुलीतला कोळसा घेतला आणि वहीत त्या जागी एक काळा ठिपका दिला. मग तीन दिवस तो वाफ्यांत मीठ गोळा करायची फळी ओढताना त्या ठिपक्याचाच विचार करत होता. चौथ्या दिवशी त्याला वाक्य सापडलं. कोपर हलायच्या क्षणी समोरच्या एखाद्या बाईकडे बघून म्हणायचं, “मावशे, पदर सावर, डोक्यावर कावला बसलाय.” सगळे त्या बाईकडे बघतील. कोपर तेवढ्यात हलून येईल.

अशी ती वही भरत गेली. जिथं ठमाबाईची नजर पोचली तिथं ठिपका, आणि जिथं ठिपका तिथं कधी ना कधी एक वाक्य. पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जायचा तिथं त्यानं लिहिलं, “भरती आली का हाय, ओहोटी लागली का न्हाय,” आणि ते म्हणताना डावा हात पाण्यासारखा तिरपा करायचा. दोरीची गाठ सरकवायची तिथं एक, दोन असे आकडे मोजायचे आणि तीन म्हणायला विसरायचं. माणसं आपोआप मनात तीन म्हणतात आणि तेवढा वेळ डोळ्यांनी बघत नाहीत. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बायकोच्या डोळ्यांवरून तो ते शिकला. चार वर्षांत त्रेचाळीस वाक्यं झाली.

त्या भागात खेळ ठरतो तो सुपारीवर. ज्याला खेळ हवा तो माणूस पाठवतो. माणूस सुपारी पुढं करतो. ती उचलली की शब्द दिला. मग ताप असो, घरात मयत असो, खेळ करायचा. न करणाऱ्याला पुन्हा कुणी सुपारी देत नाही आणि गावही त्याला विसरू देत नाही.

शेजारगावच्या जत्रेचे खेळ अंबाजी ठरवायचा. तोंडाचा मोकळा, पोटानं मोठा माणूस. तो पहिल्यांदा आला तेव्हा काळूराम उघाडीचा चिखल काढत होता.

“काळूदादा, जत्रेची सुपारी. हात पुढं कर.”

“न्हाय. ठमीला अजून सात ठिकानी दिसतं.”

“ठमीला दिसतं तर दिसू दे! जत्रेला तुजी बायको एकटीच येनार हाय काय?”

“तिला दिसतं ते आनिक कोनाला तरी दिसंल.”

“अरे, लोकं दारू पिऊन येतान. त्यांना सोताचं पाय दिसत न्हाय, तुजा पैसा काय दिसनार!”

काळूरामनं हात चिखलातच ठेवले. अंबाजी पुढच्या साली आला, त्याच्या पुढच्या सालीही आला. मालकाच्या घरच्या लग्नाची सुपारी आली, तीही काळूरामनं उचलली नाही. तिसऱ्या खेपेला अंबाजी बांधावर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, “काळूराम, तुजी जादू हाय का गाभन म्हैस रं? सात वरसं झाली, अजून व्यायला तयार न्हाय!” मिठागर हसलं. बायका फळ्या टेकवून हसल्या. ठमाबाईही हसली, कारण विनोद चांगला होता.

पण ती दमली होती. एकच पैसा तिनं हजारदा नाहीसा होताना पाहिला होता. रोज त्याच वाफ्यातून फळी ओढावी तसं ती ते पाहणं ओढत असे. तिला जादूचं आश्चर्य कधी वाटलंच नाही. तिच्या वाट्याला जादूतलं फक्त चुकलेलं तेवढं आलं. संसारातली बाकी कामं कधीतरी संपतात. मीठ ओढून होतं, भात कांडून होतं. हे संपत नव्हतं.

एकदा ती म्हणाली, “अवो, खोटं सांगू काय? दिसलं न्हाय म्हनू?”

“म्हन. मंग मी जत्रेत मार खाईन.”

तिनं पुन्हा तसं विचारलं नाही, आणि खोटंही सांगितलं नाही. कोपर हललं तर कोपर, अंगठा वाकला तर अंगठा. काळूरामला साऱ्या जगात एवढ्या एकाच गोष्टीचा भरवसा होता.

मिठाचा पांढरा उजेड डोळे खातो. मिठागरात जन्म काढलेल्या बायकांना हे ठाऊक असतं, पण कुणी त्याबद्दल बोलत नाही. आठ महिने डोळ्यांसमोर पांढरे ढीग, खाली चकाकतं पाणी, वर ऊन. आधी कडेचं दिसेनासं होतं, मग समोरचं धुरकट होतं. ठमाबाईच्या सासूचं तसंच झालं होतं. एक दिवस ती बांधावरून वाफ्यात पडली, आणि मग तिला कामावर येऊ देईनात. खोपीत बसून ती वर्षभरात गेली.

आठव्या वर्षी ठमाबाई तांदूळ बोटांनी निवडू लागली. बांधावरून जाताना पावलं मोजू लागली. उघाडीपासून खोपीपर्यंत एकशे बारा. शिडं दिसेनाशी झाली तेव्हा तिनं खाडीकडे बघायचंच सोडलं. काळूरामला काही कळलं नाही. तो तिच्याकडे रोज तासभर बघत होता, पण ती कुठं बघते तेवढंच बघत होता.

दुपारी तो खेळ करी आणि विचारी, “दिसलं?”

“न्हाय.”

ते खरंच होतं. पांढऱ्या धुरात एक काळी आकृती हलत होती, आणि आवाज होता. आवाजावरून तिला सगळं पाठ होतं, कुठल्या वाक्याला पैसा कुठल्या बोटात जातो तेसुद्धा. ती खोटं बोलत नव्हती. फक्त का दिसलं नाही हे तिनं सांगितलं नाही, आणि त्यानं ते विचारलं नाही.

काळूरामचे ठिपके कमी झाले. आधी आठवड्याला एक, मग महिन्याला एक, मग एकही नाही. तो पानं उलटून बघे आणि त्याचा विश्वास बसत नसे. इतकी वर्षं ओढत आणलेलं काहीतरी अचानक हलकं झालं होतं. मग त्याला एक विचार सुचला, आणि तो कारागिराला सुचावा असाच होता. एक वाक्य गाळून खेळ करून बघावा. त्यानं कावळ्याचं वाक्य गाळलं, कोपर तसंच हलवलं.

“दिसलं?”

“न्हाय.”

त्यानं भरतीओहोटीचं वाक्य गाळलं. तरी दिसलं नाही. त्याला वाटलं, हात पिकले. त्या पावसाळ्यात खोपीत बसून तो पेन्सिलीनं एकेक वाक्य खोडत होता. कागदावरची खरखर ठमाबाईला ऐकू येत होती.

“कशाला खोडताव?” ती म्हणाली. “र्‍हाऊ द्या ना.”

“बोलनं म्हंजे ठिगल, ठमे. फाटलंच न्हाय तर ठिगल कशाला लावाचं?” आणि तो हसला. बऱ्याच वर्षांनी तो असा आपणहून हसला होता.

ठमाबाईनं तोंड उघडलं होतं. वाक्य तयार होतं, अगदी लहान. ते बोलली असती तर वही पुन्हा पहिल्या पानावर गेली असती, आणि यावेळी तपासायला डोळेही नसते. तिला ते हसू ऐकू येत होतं. तिनं तोंड मिटलं आणि चुलीत लाकूड सारलं. ते नेमकं चुलीच्या तोंडाशी गेलं, कारण चूल जागची हलत नाही.

त्रेचाळीसांतली एकोणीस वाक्यं उरली.

अंबाजी तेहेतीसच्या चैत्रात आला तो सवयीनं आला. सुपारी पुढं केली आणि लगेच मागं घ्यायला हात आखडला. काळूरामनं ती उचलली.

“आरं तिच्या!” अंबाजी म्हणाला. “ठमावैनी, ह्यो आजारी हाय काय?”

“बरा हाय,” ठमाबाई म्हणाली.

जत्रेत संध्याकाळ पालखीची आणि रात्र तमाशाची. जादूगाराला दुपार मिळाली. देवळापुढं झापांचा मांडव होता, आणि खेळ करणाऱ्यासाठी एक उंच लाकडी तक्तपोस. त्यातून उन्हाचे कवडसे खाली पडत होते. माणसं जेवून आलेली, अर्धी पेंगत. पुढं बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यात ठमाबाई, नवं लुगडं नेसून. शेजारीण तिचा हात धरून तिला घेऊन आली होती. जत्रेच्या गर्दीत बायका एकमेकींचे हात धरूनच चालतात, त्यात कुणाला काही वाटलं नाही.

दोरीचा खेळ बरा झाला. तीन म्हणायला विसरायचं ते वाक्य त्यानं ठेवलं होतं. गाठ गेली, दोरी अखंड झाली, मागून कुणीतरी शीळ घातली. काळूरामच्या कपाळावरचा घाम निवला. त्यानं ढब्बू पैसा वर धरला आणि रुमालाखाली नेला. इथं पूर्वी कावळ्याचं वाक्य होतं. आता काही नव्हतं. तो गप्प राहिला, आणि सगळा मांडव गप्प राहून त्याच्या हाताकडे बघत राहिला.

करंजा गावची आवडाबाई कोळीण दुसऱ्या रांगेत होती. तिचा जन्म मासळीबाजारात गिऱ्हाइकांच्या हातांवर नजर ठेवण्यात गेला होता. “ए जादूगारा,” ती बसल्या जागेवरून म्हणाली, “कोपरावर माशी बसली काय रं?”

हशा झाला. काळूरामनं पैसा दुसऱ्या हातात नेला. इथं भरतीओहोटी होती. तीही खोडलेली.

“गेला! गेला डाव्यात!” आता दोघीतिघी एकदम ओरडल्या.

त्यानं पंजा पसरून दाखवला.

“बोटांच्या मागं हाय तो,” आवडाबाई म्हणाली. “मना काय नवी सून समजलास? पापलेट लपवनारे बघितलेत मी, तुजा पैसा तो केवरासा!”

मांडव खदखदला. पेंगणारे जागे झाले. मागची माणसं उभी राहिली. काळूरामला हसण्याचं फार काही वाटलं नाही, नऊ वर्षं तो हसणं ऐकत होता. तो दुसऱ्याच हिशेबात होता. कोपर. डावा हात. बोटांची मागची बाजू. गेल्या वर्षात जी वाक्यं गाळली, नेमक्या त्याच जागा, आणि त्याच क्रमानं. एकही जागा चुकत नव्हती. ह्या बाईला जे पहिल्याच दुपारी दिसलं ते ठमीला वर्षभर दिसलं नव्हतं.

पुढचं वाक्य तोंडातून आपोआप निघालं, इतक्यांदा ते म्हटलेलं होतं. “दिसलं काय कोनाला?”

आणि त्या गोंगाटात ठमाबाईचा आवाज आला. गडबडीत काय झालं ते तिला कळलं नव्हतं, पण हे वाक्य तिचं होतं. ती मोठ्यानं म्हणाली, “न्हाय! मना न्हाय दिसलं!”

मांडव पुन्हा फुटला. “वा वैनी!” अंबाजी मागून ओरडला. “नवऱ्याची लाज राखावी तर अशी!”

“कुनी तरी हाय बाबा त्याच्या बाजूचं,” आवडाबाई म्हणाली, आणि तीही मायेनं हसली.

पैसा तेव्हा काळूरामच्या बोटांतून सुटून तक्तपोसावर पडलेला होता, सगळ्यांच्या समोर, कवडशात चमकत. बायको नवऱ्यासाठी खोटं बोलते आहे असं सगळ्यांना वाटलं. ती खोटं बोलत नाही हे एकट्या त्याला ठाऊक होतं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिची मान थोडी वर होती, चेहरा सरळ त्याच्याकडे. तो काही न बोलता तक्तपोसाच्या दुसऱ्या टोकाला गेला. चार पावलं. माणसांच्या माना त्याच्याबरोबर वळल्या. ठमाबाईचा चेहरा होता तिथंच राहिला, मघाच्या आवाजाच्या जागेवर. ती त्या रिकाम्या जागेकडे बघून हसत होती आणि पुढच्या वाक्याची वाट बघत होती.

“अरे बोल की!” कुणीतरी ओरडलं. “उभा काय र्‍हायलास?”

“सुपारी घेतलीस ना? पुढचा खेळ कर!”

काळूराम खाली उतरला. बायकांनी पाय आखडून वाट दिली. तो ठमाबाईसमोर येऊन उभा राहिला, हातभर अंतरावर. तिनं वर बघितलं नाही. त्यानं वाकून तिचं मनगट धरलं. बोटांच्या चिरा तिला लागल्या तेव्हा ती दचकली आणि उभी राहिली.

“सपलं काय?” तिनं हळू विचारलं. “अवो, सगलं झालं काय?”

मागं अंबाजी त्याच्या नावानं हाका मारत होता. मांडवाचा बांबू वाटेत आला तेव्हा काळूरामनं तिच्या डोक्यावर हात धरून तिला वाकवलं. मग तिला धरून तो मांडवाबाहेरच्या उन्हात निघून गेला.